हिरवं दिसतंय ते पॅटिना आहे की ब्राँझ डिसीज?

जुनी नाणी, ब्राँझच्या मूर्ती, तांब्या-पितळेच्या वस्तू जमवणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी पडतोच, की वस्तूवर हे जे हिरवं आलंय ते ठेवायचं की काढायचं. विचारायला गेलात तर एकजण सांगेल अजिबात हात लावू नका, तो पॅटिना आहे, म्हणजे काळाने चढलेला थर, किंमत त्याचीच आहे. दुसरा सांगेल हा ब्राँझ डिसीज आहे, लगेच काहीतरी करा नाहीतर ते आख्खी वस्तू खाऊन टाकेल. आणि दोघंही खरं बोलत असतात, फक्त दोन वेगळ्या गोष्टींबद्दल. दोन्ही हिरव्या, दोन्ही तांब्यातूनच आलेल्या, पण एक वस्तूला सांभाळते आणि दुसरी आतून पोखरते. फोटोवरून तर भलेभले फसतात, कारण फोटोत फक्त रंग दिसतो आणि इथे रंगाला तसा फार अर्थ नाहीये. बघायचं असतं ते हे की ही प्रक्रिया थांबलीय का अजून चालूच आहे.

आधी पॅटिना. तांबं हवेत राहिलं की त्याच्यावर पहिल्यांदा क्युप्राइटचा म्हणजे तांब्याच्या ऑक्साइडचा लालसर तपकिरी थर येतो, आणि मग वर्षानुवर्षं त्याच्यावर हिरवे-निळे क्षार बसत जातात. जमिनीत पुरलेल्या वस्तूवर बहुतेकदा मॅलाकाइट, कधी कधी निळं अझुराइट, आणि उघड्यावर शहराच्या हवेत उभ्या पुतळ्यांवर ब्रोकँटाइट म्हणजे तांब्याचं सल्फेट. हे थर घट्ट बसलेले असतात, पाण्यात विरघळत नाहीत, आणि आतल्या धातूपर्यंत हवा-पाणी सहज पोचू देत नाहीत. न्यूयॉर्कचा स्वातंत्र्यदेवीचा पुतळा १८८६ साली उभा राहिला तेव्हा तांब्याच्या रंगाचाच होता, त्याचा पत्रा जेमतेम २.४ मिलिमीटर जाड, आणि तरी समुद्राच्या तोंडावर शंभर वर्षं काढूनही तो टिकला. १९८०च्या दशकात मोठी दुरुस्ती झाली तेव्हा खरी डोकेदुखी होती आतला लोखंडी सांगाडा, बाहेरचा हिरवा थर तसाच ठेवला.

आता ब्राँझ डिसीज. नावात डिसीज असलं तरी जंतूबिंतू काही नाही, ही निव्वळ केमिस्ट्री आहे आणि सगळा दोष क्लोराइडचा. खारट जमिनीत किंवा समुद्रात पडून राहिलेल्या वस्तूत क्लोराइड आत शिरतं आणि धातूला अगदी चिकटून, वरच्या पॅटिनाच्या खाली, नँटोकाइट नावाचा फिकट मेणचट थर तयार होतो. तो तिथे शेकडो वर्षं गुपचूप पडून राहू शकतो, बाहेरून काही कळत नाही. वस्तू वर काढली, दमट हवा आणि ऑक्सिजन भेगेतून आत गेला की त्याचं फिकट हिरव्या भुकटीत रूपांतर होतं, त्या भुकटीला जागा जास्त लागते म्हणून वरचा थर फुगतो, तडकतो, आणि या सगळ्यात हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं, ते आम्ल शेजारचं ताजं तांबं खातं, त्यातून परत क्लोराइड तयार होतं आणि गाडी पुन्हा पहिल्यापासून सुरू. वाईट गोष्ट ही की यात क्लोराइड खर्चच होत नाही, तेच तेच फिरत राहतं, त्यामुळे हवेत ओल आहे तोवर हे आपोआप थांबत नाही. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मार्सेलँ बर्थेलोने १८९०च्या दशकातच हे चक्र मांडलं होतं, म्हणजे माहिती काही नवी नाही, तरी आजही कित्येक नाणी फक्त दमट कपाटात ठेवल्यामुळे जातात.

मग ओळखायचं कसं? भिंगाखाली, चांगल्या उजेडात बघा. पॅटिना साधारणपणे गडद असतो, गुळगुळीत किंवा बारीक दाणेदार, अक्षरांवर आणि नक्षीवर सारखा पसरलेला, आणि त्याच्याखालचे तपशील शाबूत असतात. रोग मात्र ठिपक्यांत येतो. फिकट, जवळजवळ पोपटी किंवा पांढरट हिरवी भुकटी, खडूच्या पावडरसारखी, आणि ती उडवली की खाली खड्डा. लाकडी टूथपिकने हलकेच टोकरून बघा, पॅटिना जागचा हलत नाही, रोगाची भुकटी सहज सुटते. वस्तू ठेवलेल्या जागी खाली हिरवी पूड सांडलेली दिसली तर मग फार विचार करायचं कारणच उरत नाही.

शंका राहिलीच तर वेळ हीच टेस्ट. सुटलेली भुकटी मऊ ब्रशने काढा, जवळून फोटो घ्या, वस्तू साध्या डबीत ठेवा आणि काही आठवड्यांनी त्याच उजेडात परत फोटो घ्या. त्याच जागी परत पोपटी ठिपका उगवला तर रोग चालू आहे. काही लोक मुद्दाम ओल्या कागदाबरोबर बंद डब्यात एखादा दिवस ठेवून बघतात, रोग असला तर ठिपके भराभर वर येतात. संवर्धन करणारे ही टेस्ट करतात हे खरं, पण रोगाला खाऊ घालूनच ती चालते, तेव्हा घरी आणि तेही चांगल्या वस्तूवर करू नका असंच मी म्हणेन.

आणि वस्तू आली कुठून हे विचारायला विसरू नका. दिवाणखान्यात पिढ्यानपिढ्या उभा असलेला दिवा किंवा कपाटाच्या मुठी यांना हा रोग सहसा होत नाही, कारण क्लोराइडच कमी. उत्खननातलं नाणं किंवा समुद्रातून काढलेली वस्तू असेल तर मात्र कायम संशय ठेवायचा. १९७२ साली इटलीत रियाचेजवळ समुद्रात सापडलेले दोन ग्रीक ब्राँझचे योद्धे घ्या, सुरुवातीच्या दुरुस्तीनंतरही आत उरलेल्या ओतकामाच्या मातीमुळे गंजण्याचा धोका राहिला, म्हणून १९९०च्या दशकात ती माती आतून काढावी लागली आणि आज ते रेज्जो कालाब्रियाच्या म्युझियममध्ये हवा नियंत्रित केलेल्या दालनात ठेवलेले आहेत.

मधेच एक तिसरं हिरवं पण सांगून टाकतो, कारण त्याला लोक हमखास रोग समजतात. नाणी मऊ पीव्हीसीच्या पाकिटात ठेवली की काही वर्षांनी त्यांच्यावर चिकट, ओलसर हिरवा लेप येतो. तो प्लॅस्टिकमधून सुटलेल्या द्रव्यांमुळे. भुकटी नाही, चिकट असतो, एवढ्यावरून ओळखू येतो. शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून निघतो (नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यात तेल, रंग, सुगंध काय काय असतं, आणि अ‍ॅसिटोन ज्वालाग्राही आहे तेव्हा खिडकी उघडी आणि आग लांब). वेळेत काढला नाही तर मात्र खाली धातू खाल्लेला सापडतो. तसंच चामड्याला लागून असलेल्या पितळी बकलांवर, खिळ्यांवर मेणासारखं हिरवं येतं, ते चामड्यातल्या तेलामुळे. लाकडी काडीने खरवडून टाका, संपलं.

किमतीचं बघाल तर इथे दोघांची दिशा अगदी उलटी. नाण्यावरचा एकसारखा, गुळगुळीत हिरवा किंवा काळपट पॅटिना असेल तर शौकीन जास्त पैसे मोजतात, आणि तोच घासून काढलेला असेल तर एनजीसी, पीसीजीएससारख्या नाण्यांचा दर्जा ठरवणाऱ्या ग्रेडिंग कंपन्या साधा ग्रेड न देता डिटेल्स (म्हणजे नाणं खरं, पण साफ केलेलं किंवा खराब झालेलं) असा शेरा मारतात, त्याचा फटका विकताना बसतो. ब्राँझच्या शिल्पात तर पॅटिना हा कामाचाच भाग, ओतल्यानंतर शिल्पकार किंवा कारागीर रसायनं आणि उष्णता देऊन तो तपकिरी-हिरवा रंग मुद्दाम आणतात, आणि नंतर कोणीतरी उत्साहाने ब्रासो मारून ते लख्ख केलं की अर्धं शिल्पच गेलं. अपवाद आहेतच. जुनी पितळी दुर्बीण किंवा मायक्रोस्कोप मुळात चकचकीत असायचे आणि वर लाखेचं पातळ कोटिंग असायचं, तिथे हिरवेपणाला काही भाव नाही, पण म्हणून पॉलिश करायला जाल तर ते मूळ कोटिंग निघून जाईल, आणि भाव त्याला असतो. म्हणजे तिथेही हात आवरताच ठेवायचा.

रोग लागलेली वस्तू मात्र रोज किंमत गमावत असते. आणि विकणाऱ्यांपैकी काहीजण ती भुकटी काढून वर मेण किंवा तेल चोपडतात, मग दोन महिने छान दिसतं. ताजं मेण लावलेलं नाणं, त्यात बारीक बारीक खड्डे, आणि खड्ड्यात फिकट हिरवं काही अडकलेलं, असा ऐवज दिसला तर भाव कितीही चांगला असला तरी मी सोडून देतो.

बनावट पॅटिनाचाही घोळ असतो. नवीन ओतलेल्या वस्तूला रसायनांनी किंवा चक्क रंगाने हिरवं करतात. खरा जुना पॅटिना थरांचा असतो, धातू आणि हिरवा यांच्या मधे तो लालसर क्युप्राइट, त्यामुळे एखाद्या जुन्या ओरखड्याच्या कडेला भिंगाने बघितलं की तीन रंग दिसतात. नकली हिरवा बऱ्याचदा थेट पिवळ्या धातूवर बसलेला असतो, खोलगट भागात दाट आणि बाकी ठिकाणी नावाला. अ‍ॅसिटोन लावलेल्या कापसाच्या बोळ्यावर हिरवा रंग उतरला तर तो रंगच होता.

देखभालीत पॅटिनासाठी करायचं फारसं काही नाहीच. मऊ ब्रशने धूळ, हात लावताना हातमोजे कारण घामात मीठ असतं, आणि वाटलं तर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात, ब्रिटिश म्युझियममध्ये तयार झालेलं रेनेसान्स वॅक्स यासाठी बरेच जण वापरतात. लिंबू-मीठ, व्हिनेगर हे जुन्या वस्तूच्या आसपासही आणू नका. आम्ल पॅटिना काढतं आणि मिठातलं क्लोराइड मागे राहतं, म्हणजे निरोगी वस्तूला आपणच रोगाचं सामान पुरवलं. ओक लाकडाच्या कपाटातूनही आम्लाची वाफ सुटत राहते, त्यात ब्राँझ ठेवायला नको आणि शिसं तर नकोच नको.

रोगाची शंका आली तर पहिलं काम वस्तू वेगळी काढून कोरडी करणं. घट्ट झाकणाचा पॉलिप्रॉपिलिन प्लॅस्टिकचा डबा, त्यात ओल शोषणारं भरपूर सिलिका जेल, आणि हवेतली ओल मोजणारा एक छोटा हायग्रोमीटर. सापेक्ष आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली ठेवता आली तर चक्र जवळजवळ थांबतं, ५५च्या वर गेली की जोरात पळतं. हा इलाज नव्हे हं, आतलं क्लोराइड आतच असतं, सिलिका जेल संपलं आणि लक्ष गेलं नाही की पुन्हा तेच. क्लोराइड बाहेर काढायला डिस्टिल्ड वॉटरमध्ये, पाणी बदलत बदलत, आठवडे नाहीतर महिने बुडवून ठेवतात. सोडियम सेस्क्विकार्बोनेट या अल्कधर्मी क्षाराचं द्रावणही वापरतात, पण त्याने पॅटिनाचा रंग आणि रसायन दोन्ही बदलू शकतं, हिरवं नाणं निळसर झालेलं पुष्कळांनी बघितलंय. म्युझियममध्ये बेन्झोट्रायझोलचा उपचार १९६०च्या दशकापासून चालत आलाय, ते तांब्याशी जोडलं जाऊन एक संरक्षक थर करतं, मात्र हे रसायन शरीराला चांगलं नाही, हातमोजे आणि खेळती हवा लागते. स्वस्तातल्या चार नाण्यांवर हात साफ करायचा असेल तर डिस्टिल्ड वॉटरपासून सुरुवात करा, मौल्यवान वस्तू असेल तर ती डब्यात कोरडी ठेवा आणि धातूचं काम करणाऱ्या संवर्धकाला दाखवा. बाकी मेण लावायची घाई क्लोराइड बाहेर पडून वस्तू पूर्ण वाळेपर्यंत करू नका, नाहीतर वरून मेण चकाकत राहील आणि खाली ओल आणि क्लोराइड आपलं काम करत बसतील.