लिनक्ससाठी डिस्क रायटर निवडताना

डिस्क रायटरच्या, म्हणजे सीडी-डीव्हीडीवर लिहिणाऱ्या ड्राइव्हच्या, खोक्यावर विंडोजचं नाव असतं, कधी मॅकचंही असतं. लिनक्सचा उल्लेख मात्र सहसा नसतो, आणि लिनक्स वापरणारा तिथेच बिचकतो. खरं तर बिचकायचं फारसं कारण नाही.

प्रिंटर किंवा वायफाय कार्डाला ज्याचा त्याचा ड्रायव्हर लागतो, कारण प्रत्येक बनावटीची भाषा वेगळी. रायटरचं तसं नाही. जवळपास सगळे रायटर एमएमसी हा एकच आज्ञासंच समजतात: ट्रे उघड, आत कोणती डिस्क आहे ते सांग, इथून लिहायला लाग. ड्राइव्ह साटा केबलने आत जोडलेला असो की यूएसबीने बाहेरून, आज्ञा त्याच राहतात, आणि त्या पोहोचवणारा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यातच, असतो. २.४ कर्नलच्या काळात आयडीई या साध्या जोडणीचा रायटर स्कझी या वेगळ्या जोडणीचा असल्याचं भासवावं लागे. २००३ च्या अखेरीस २.६ कर्नल आला आणि ती खटपट मिटली.

मग रायटर-रायटरांत फरक पडतो कुठे? लेसरच्या टोकाशी. कोऱ्या सीडी-आर किंवा डीव्हीडी-आर डिस्कमध्ये सेंद्रिय रंगाचा पातळ थर असतो. लेसरच्या उष्णतेने तो जिथे बदलतो, तिथून प्रकाश कमी परावर्तित होतो, आणि हेच ठिपके म्हणजे आपला डेटा. पण हा रंग प्रत्येक उत्पादकाचा निराळा. म्हणून ड्राइव्ह आधी राखीव जागेत कमी-जास्त शक्तीने लिहून पाहतो आणि योग्य शक्ती ठरवतो. शिवाय डिस्कवर उत्पादकाचा संकेत कोरलेला असतो. तो वाचून फर्मवेअर, म्हणजे ड्राइव्हच्या आतला प्रोग्रॅम, आपल्या तक्त्यातली लेखनपद्धत निवडतं. संकेत अनोळखी निघाला तर सर्वसाधारण पद्धतीवर काम भागवावं लागतं. हा सगळा व्यवहार ड्राइव्हच्या आत चालतो, ऑपरेटिंग सिस्टिमला त्याचा पत्ताही नसतो.

लिनक्सवाल्याची खरी अडचण आहे ती फर्मवेअर अद्ययावत करण्याची, कारण त्याचे प्रोग्रॅम बहुधा विंडोजपुरतेच असतात. म्हणून बाजारात नुकत्याच आलेल्या मॉडेलपेक्षा वर्ष-दोन वर्षं चाललेलं, फर्मवेअर स्थिरावलेलं मॉडेल घ्यावं, असं माझं ठाम मत आहे.

यूएसबीचा सडपातळ रायटर घेणार असाल तर विजेकडे लक्ष द्या. यूएसबी २ चं पोर्ट ५०० मिलिअँपिअर, म्हणजे अडीच वॅट देतं. लिहिताना मोटर आणि लेसर मिळून त्याहून जास्त मागू शकतात आणि डिस्क अर्ध्यावर वाया जाते. दोष मात्र बिचाऱ्या लिनक्सवर येतो! ९०० मिलिअँपिअर देणारं यूएसबी ३ पोर्ट वापरा आणि वेगळा वीजपुरवठा नसलेला हब मध्ये आणू नका.

ब्लू-रेचा लेसर ४०५ नॅनोमीटरचा, डीव्हीडीचा ६५० चा. तरंगलांबी कमी म्हणून ठिपका बारीक, आणि एका थरात ४.७ ऐवजी २५ जीबी मावतात. ब्लू-रेवर स्वतःचा डेटा लिहायला लिनक्सवर अडचण नाही. विकतच्या चित्रपटांची कुलपं हा वेगळा विषय. १०० जीबीच्या डिस्क वापरायच्या असतील तर ड्राइव्हच्या माहितीत बीडीएक्सएल (अशा मोठ्या ब्लू-रे डिस्कचा प्रकार) लिहिलेलं आहे ना, तेवढं पाहा.

सॉफ्टवेअरमध्ये के३बी किंवा एक्सएफबर्न पुरेसं आहे. कमांडची सवय असेल तर एक्सॉरिसो उत्तम. लिहून झाल्यावर डिस्क बाहेर काढून पुन्हा घाला आणि मगच चेकसम, म्हणजे डेटावरून काढलेला पडताळणीचा आकडा, मूळ फाइलशी ताडून पाहा. नाहीतर काही भाग डिस्कऐवजी मेमरीतूनच वाचला जाण्याची शक्यता राहते.