मेध्य चूर्णात काय आहे, ते एकत्र का केले आहे आणि ते कोणी घेऊ नये

आमच्या मेध्य, म्हणजे बुद्धी व स्मरणशक्तीसाठीच्या, चूर्णाच्या डबीसोबत हे पत्रक देण्याचे कारण असे की, "यात किती वनस्पती आहेत?" हा प्रश्न बहुतेक ग्राहक पहिल्यांदा विचारतात आणि 'चार' हे उत्तर ऐकून काहीसे खट्टू होतात. बाजारात वीस-पंचवीस घटकांची चूर्णे मिळतात हे खरे. मात्र 3 ग्रॅमच्या मात्रेत पंचवीस घटक कोंबले तर प्रत्येकाच्या वाट्याला चिमूटभरही येत नाही, हा साधा हिशेब वेष्टनावर छापलेला नसतो.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात चार मेध्य रसायने (बल वाढवणारी औषधे) सांगितली आहेत : मंडूकपर्णीचा स्वरस (ताजा रस), दुधातून ज्येष्ठमधाचे चूर्ण, गुळवेलीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क (वाटून केलेला गोळा). तेथे या चारांचे मिश्रण सांगितलेले नाही. प्रत्येक वनस्पती आपापल्या रूपात घ्यायची आहे आणि शंखपुष्पी त्यांत विशेष मेध्य मानली आहे. द्रव्ये एकत्र करण्याची परंपराही त्याच ग्रंथात आहे, कारण अपस्माराच्या, म्हणजे फिट्सच्या आजाराच्या, चिकित्सेतील ब्राह्मीघृतात जुने तूप, ब्राह्मीचा रस, वेखंड, कोष्ठ आणि शंखपुष्पी ही सर्व एकाच पात्रात सिद्ध केली जातात. आमचे चूर्ण मात्र यांपैकी कोणत्याही पाठाची, म्हणजे ग्रंथातील कृतीची, नक्कल नाही. त्यात ब्राह्मी 2 भाग, शंखपुष्पी 2 भाग, गुळवेल 1 भाग आणि ज्येष्ठमध अर्धा भाग असे प्रमाण आम्ही ठरवले आहे, त्यामुळे ते शास्त्रोक्त पाठ म्हणून नव्हे, तर प्रोप्रायटरी, म्हणजे उत्पादकाने स्वतः ठरवलेल्या कृतीचे, औषध म्हणूनच विकले जाते. ज्येष्ठमध इतके कमी ठेवण्याचे कारण पुढे येईल. ते घातले आहे ते मुख्यतः ब्राह्मीचा कडूपणा सुसह्य व्हावा म्हणून.

'ब्राह्मी' या शब्दापाशी थोडे थांबणे आवश्यक आहे. महाराष्ट्रात अंगणातल्या कुंडीत ब्राह्मी म्हणून पुष्कळदा जी दिसते, वाटोळ्या, दंतुर कडेच्या पानांची आणि जमिनीवर पसरणारी, ती मंडूकपर्णी, म्हणजेच कारिवणा. दुसरी नीरब्राह्मी, ती पाणथळ जागी वाढते, तिची पाने लहान व मांसल, फुले पांढरी किंवा फिकट जांभळी आणि चव चांगलीच कडू असते. यांतली एक खरी आणि दुसरी खोटी असे नाही, परंतु दोघींतील कार्यकारी द्रव्ये वेगळी आहेत : नीरब्राह्मीत बॅकोसाइडे, मंडूकपर्णीत एशियाटिकोसाइड. स्मरणशक्तीसंबंधी माणसांवर झालेल्या चाचण्या नीरब्राह्मीच्या अधिक असल्यामुळे आम्ही मंडूकपर्णीच्या जागी ती घेतली आहे. शंखपुष्पीच्या बाबतीतही असाच घोळ आहे. केरळात त्या नावाने गोकर्ण वापरतात, तर इतरत्र विष्णुक्रांता विकली जाते. आमच्या चूर्णात कॉन्व्हॉल्व्ह्युलस जातीचीच वनस्पती आहे.

आता परिणामाविषयी. नीरब्राह्मीच्या प्रमाणित अर्काच्या, बहुधा रोज 300 मिलिग्रॅम आणि 12 आठवडे अशा, चाचण्यांत शिकलेले आठवण्याच्या क्षमतेत काही सुधारणा दिसली आहे. परंतु तो अर्क होता आणि आमचे साधे चूर्ण आहे; शिवाय चाचणीतले शब्द आठवणे आणि म्हातारपणीचा स्मृतिभ्रंश टळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. याच संदर्भात गिंको या परदेशी वनस्पतीची आठवण द्यावीशी वाटते. अमेरिकेत 3000 हून अधिक वृद्धांना सुमारे 6 वर्षे तिचा अर्क किंवा त्यासारखीच दिसणारी निष्क्रिय गोळी देण्यात आली आणि 2008 मध्ये निष्कर्ष आला की, अर्काने स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी झाले नाही. उलट, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या 2024 च्या अहवालानुसार स्मृतिभ्रंशाचे सुमारे 45 टक्के प्रमाण 14 बदलता येण्याजोग्या कारणांशी निगडित आहे, आणि त्यांत उच्च रक्तदाब, मधुमेह, वाढलेले कोलेस्टेरॉल व ऐकू न येणे ही कारणे आहेत. म्हणून वडिलांसाठी डबी नेणाऱ्याने आधी त्यांचा रक्तदाब मोजून घ्यावा आणि कानाचे यंत्र कपाटात पडून नाही ना, हेही पाहावे, असे आम्ही काउंटरवरही सांगतो.

वेखंड आम्ही जाणीवपूर्वक वगळले आहे. बाळगुटीत ते पिढ्यान् पिढ्या उगाळले जात असले, तरी त्यातील बीटा-असारोन या घटकामुळे अमेरिकेत 1968 पासून ते खाद्यपदार्थांत वापरण्यास बंदी आहे, आणि रोज कित्येक आठवडे घ्यायच्या चूर्णात ते असू नये असे आमचे मत आहे. जटामांसी ही हिमालयातली वनस्पती अतिसंकटग्रस्त आहे. तिच्यावाचून काम भागते.

फिट्सच्या आजारावर फेनिटॉइन घेणाऱ्यांनी हे चूर्ण मुळीच घेऊ नये. शंखपुष्पीयुक्त औषधासोबत फेनिटॉइन घेणाऱ्या रुग्णांच्या फिट्स पुन्हा आटोक्याबाहेर गेल्याचे आढळले होते, आणि 1992 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्राण्यांवरील अभ्यासात फेनिटॉइनची रक्तातील पातळी घटलेली दिसली. ज्येष्ठमध रक्तदाब वाढवू शकते आणि शरीरातील पोटॅशियम कमी करू शकते. आमच्या मात्रेत ते पाव ग्रॅमच्या आसपासच असले, तरी रक्तदाबाची किंवा लघवी वाढवणारी गोळी चालू असल्यास डॉक्टरांना विचारावे. मधुमेहाची औषधे, झोपेच्या गोळ्या किंवा डोनेपेझिल (स्मृतिभ्रंशावरील औषध) घेणाऱ्यांनी, तसेच यकृताचा आजार असणाऱ्यांनीही आधी विचारावे. गर्भवती व स्तनदा मातांना आम्ही ते देत नाही.

मात्रा रोज एकदा 3 ग्रॅम, जेवणानंतर कोमट दुधातून. रिकाम्या पोटी नीरब्राह्मीने मळमळ किंवा पातळ शौचाचा त्रास होऊ शकतो. तसे झाल्यास मात्रा निम्मी करावी, आणि तरीही त्रास राहिला तर चूर्ण बंद करावे. 12 आठवड्यांनंतर ते थांबवून वैद्यांना भेटावे. रोजची नावे, ओळखीचे रस्ते किंवा पैशांचे हिशेब चुकू लागले असतील तर मात्र इतके दिवस न थांबता प्रथम डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. डबीचे झाकण घट्ट लावावे, ओला चमचा आत घालू नये आणि डबी संपेपर्यंत तळाशी छापलेला बॅच क्रमांक जपून ठेवावा, कारण काही तक्रार असल्यास त्याच घाण्याचा राखून ठेवलेला नमुना आम्ही त्या क्रमांकावरून काढून तपासतो.