तिहाई पाचवीच्या वर्गात

जून आला की बडोद्यात रावपुऱ्यापासून मांजलपूरपर्यंत क्लासच्या जाहिराती झळकू लागतात. संगीताच्या क्लासचा त्यातला दावा ठरलेला: संगीत शिका, बुद्धी तल्लख करा. आईवडील ते वाचून मुलाला की-बोर्डला घालतात आणि सहामाहीत गणिताचे मार्क वाढले नाहीत की क्लास बंद करतात. मुलगा बिचारा तोवर दोन गाणी बरी वाजवायला लागलेला असतो.

या दाव्याचं मूळ 1993 मध्ये सापडतं. त्या वर्षी 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत एक छोटा लेख आला. कॅलिफोर्नियातल्या 36 कॉलेज विद्यार्थ्यांना मोझार्टचा सोनाटा दहा मिनिटं ऐकवला आणि लगेच कागदाच्या घड्या मनातल्या मनात उलगडण्यासारखी कोडी घातली. हेच विद्यार्थी नुसते शांत बसून कोडी सोडवायचे त्यापेक्षा मोझार्टनंतर त्यांचा बुद्ध्यंक आठ-नऊ गुणांनी जास्त निघाला, आणि हा फायदा दहा-पंधरा मिनिटांत ओसरला. लहान मुलांचा यात संबंधच नव्हता. पण बातमीला पाय फुटले. 1998 मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरने प्रत्येक नवजात बाळाला शास्त्रीय संगीताची सीडी द्यायची म्हणून अंदाजपत्रकात 1,05,000 डॉलर मागितले! इतर संशोधकांनी तोच प्रयोग करून पाहिला, तेव्हा परिणाम कधी जेमतेम दिसला, कधी दिसलाच नाही.

हे झालं ऐकण्याचं. शिकण्याचं काय? 2020 मध्ये साला आणि गोबे या दोघा संशोधकांनी 54 अभ्यास, म्हणजे जवळजवळ 7,000 मुलांचे निकाल एकत्र करून तपासले. अभ्यास जितका काटेकोर, तितका गणित-वाचनातला फायदा शून्याकडे सरकलेला. तेव्हा संगीत हे गणिताचं टॉनिक आहे, हे आता सोडून द्यायला हवं.

मला यात वाईट वाटण्यासारखं काही दिसत नाही. प्राथमिक शाळेत संगीत हवं ते वेगळ्याच कारणासाठी. गणित आणि विज्ञान त्याच्या पोटातच आहे, आणि तिथे उत्तर बरोबर आलं की नाही हे बाईंना विचारायला जावं लागत नाही. कान सांगतो. सात-आठ वर्षांच्या मुलाला स्वतःचं उत्तर स्वतः तपासता येईल अशा जागा आपल्या शाळेत किती आहेत?

सरबताच्या बाटलीपासून सुरुवात करू. काचेची रिकामी बाटली, पाणी आणि लाकडी पट्टी, एवढंच सामान लागतं. बाटलीवर पट्टीने हलकेच टोला द्या, थोडं पाणी ओता, पुन्हा टोला द्या. स्वर खाली उतरतो. आता त्याच बाटलीच्या तोंडावरून आडवी फुंकर मारा, पाणी वाढवा, पुन्हा फुंका. स्वर वर चढतो! बाटली तीच, पाणी तेच, आणि उत्तरं उलटी. दुसरा प्रयोग करण्याआधी वर्गाकडून हात वर करून अंदाज मागावा. बहुतेक सगळे 'खाली' म्हणतात, मोठी माणसंसुद्धा.

टोला दिल्यावर थरथरते ती काच. आत पाणी असलं की काचेला स्वतःबरोबर तेही हलवावं लागतं, कंपनं मंदावतात, स्वर उतरतो. फुंकर मारल्यावर थरथरते ती आतली हवा. पाणी वाढलं की हवेला जागा कमी उरते, कंपनं जलद होतात, स्वर चढतो. नळाखाली बादली भरत आली हे आपल्याला स्वयंपाकघरातून न बघता कळतं, तेही आतली हवेची जागा कमी होत जाते म्हणूनच. हे मुलांना सांगितलं की दुसऱ्या दिवशी घरोघरी बादल्या भरतात. मग पाणीपट्टीवरून आईची बोलणी खावी लागतात, ते वेगळं.

काचेची भीती वाटत असेल तर टोल्याचा भाग स्टीलच्या पेल्यांवरही होतो, आणि तिथे आणखी एक गंमत हाती लागते. पेला रिकामा असताना टोला देऊन स्वर ऐका आणि मग थोडं थोडं पाणी घाला. अर्ध्यापर्यंत स्वर जागचा फारसा हलत नाही, पण काठाजवळ चमच्या-चमच्याने उतरू लागतो. कारण पेल्याचा तळ जवळजवळ स्थिर असतो आणि काठ सर्वांत जास्त हलतो, त्यामुळे तळाशी साठलेल्या पाण्याचं ओझं त्याला जाणवत नाही. जलतरंग वाजवणारे कलाकार चिनी मातीच्या वाडग्यांत शेवटी चमच्याने पाणी काढ-घाल करत असतात, ते याच्याच जोरावर. तिसरी-चौथीच्या मुलांचे गट करून प्रत्येकाला तीन पेले आणि सा-रे-ग लावायचं काम द्यावं. पाण्याची उंची पट्टीने मोजून वहीत लिहिली की मापनाचा धडा त्यात होऊनच जातो. वर्गात पाणी सांडणार, हे गृहीत धरून मधल्या सुट्टीआधीचा तास घ्यावा.

पाचवीसाठी माझी आवड तिहाई. तबल्याच्या मैफलीत एकच तुकडा तीनदा वाजवून कलाकार बरोब्बर समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर येतो आणि सगळ्यांच्या माना डोलतात. त्यातलं गणित साधं आहे. तीनतालात 16 मात्रा (म्हणजे ठोके), म्हणून पुढची सम सतराव्या मात्रेवर. समेपासून सुरुवात करायची, तोच तुकडा तीनदा वाजवायचा, मधे दोनदा सारखीच विश्रांती घ्यायची आणि शेवटची टाळी सतराव्यावर पाडायची. मुलांना विचारायचं, एका मात्रेला एक टाळी धरली तर तुकडा किती टाळ्यांचा हवा आणि विश्रांती किती मात्रांची?

तुकड्याच्या तिपटीत विश्रांतीची दुप्पट मिळवून 17 करायचे आहेत. पाच टाळ्या आणि एक मात्रा विश्रांती घेतली तर 15 अधिक 2. तीन टाळ्या आणि चार मात्रा विश्रांती, 9 अधिक 8. मग एखादा चळवळ्या मुलगा म्हणतो, एकच टाळी आणि सात मात्रा थांबायचं. 3 अधिक 14, बरोबर! त्याच्या टाळ्या पडतात पहिल्या, नवव्या आणि सतराव्या मात्रेवर. नववी मात्रा म्हणजे खाली, जिथे तालात टाळी न देता हात उघडा सोडतात. तबल्याचे गुरुजी कपाळावर हात मारतील, पण समीकरणाने काही चूक केलेली नाही. चार टाळ्यांचा तुकडा का जमत नाही, हे फळ्यावर न सांगता वर्गाला वाजवायला लावावं. 12 झाल्यावर 5 उरतात, त्याचे दोन सारखे भाग करताना अर्ध्या मात्रेशी गाठ पडते आणि अपूर्णांक आपण होऊन वर्गात येतो.

पाढे आपण पूर्वापार चालीवरच म्हणत आलो. मराठी शाळेतलं 'बे एके बे' आणि शेजारच्या गुजराती शाळेतलं 'बे एका बे' यांचा ठेका सारखाच. मात्र चालीतल्या पाठांतराची एक खोड आहे: साखळी मधून पकडता येत नाही. सात आठी विचारलं की मूल साता एकेपासून सुरू करतं. यावर उपाय चालीतच आहे. टाळीचा ठेका चालू ठेवून बाईंनी कुठलीही जोडी उलटसुलट म्हणायची आणि उत्तराची टाळी रिकामी सोडायची. लय चालू असली की मेंदू पुढच्या ठोक्याची वाट पाहतो, त्यामुळे गप्प बसणारी मुलंही ती जागा भरायला बघतात.

इथे एक सावधगिरी हवी. बालवर्गातली पोरं टाळ्या वाजवताना पळतात, आणि आपण 'हळू, हळू' म्हणून ओरडतो. मुलांना आपापल्या लयीने टाळ्या वाजवायला सांगितलं तर चार-पाच वर्षांच्या मुलाच्या दोन टाळ्यांमधलं अंतर साधारण 0.3 ते 0.4 सेकंद निघतं. मोठ्या माणसाचं 0.6 सेकंदाच्या आसपास. संथ लय धरून ठेवण्याची क्षमता वयाबरोबर येते. नवरात्रात तीन टाळीच्या गरब्यात चिमुकली मुलं रिंगणातून पुढे निसटतात, त्याचंही एक कारण हेच असावं. म्हणून लय आधी मुलांकडून घ्यावी आणि मग हळूहळू उतरवत न्यावी.

गरब्यावरून आठवलं. कर्शनर आणि टोमासेलो या संशोधकांनी 2010 मध्ये चार वर्षांच्या मुलांवर एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. काही जोड्या गात, नाचत, तालावर खेळल्या. काही तोच खेळ गाण्याशिवाय खेळल्या. नंतर एकाचं काही सांडलं तेव्हा गाऊन आलेली मुलं मदतीला जास्त धावली. वर्गशिक्षिकेच्या दृष्टीने हे मला मोझार्टच्या आठ-नऊ गुणांपेक्षा कामाचं वाटतं.

बडोद्याला हे सगळं परकं वाटू नये. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने गवई मौलाबक्षांनी 1886 मध्ये इथे गायनशाळा काढली. घराण्याबाहेरच्या साध्या मुलांना गाणं शिकता यावं म्हणून त्यांनी स्वतःची स्वरलिपी तयार केली. तीच गायनशाळा आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्सची फॅकल्टी आहे, सुरसागर तलावाच्या काठाशी. तिथले विद्यार्थी आठवड्यातून तासभर जवळपासच्या प्राथमिक शाळांत पेले आणि टाळ्या घेऊन गेले तर दोन्हीकडच्यांना चार गोष्टी कळतील.

शेवटी गाण्याच्या पट्टीचं, म्हणजे सा कुठे धरायचा याचं बोलायला हवं, कारण प्रार्थनेत निम्मी मुलं बेसूर होतात ती बरेचदा आपल्यामुळे. पुरुष शिक्षक हार्मोनियमच्या काळी एकला (पहिल्या काळ्या पट्टीला), बाई खालच्या काळी चारला सुरू करतात, कारण ते त्यांच्या गळ्याला सोयीचं. लहान मुलांच्या स्वरतंतूंची लांबी कमी असते, त्यामुळे त्यांचा आवाजच उंच. आपल्या खर्जाची नक्कल करायला गेली की ती नुसती घोगरी पुटपुटतात आणि 'याला सूरच नाही' असा शिक्का बसतो. हार्मोनियम नसेल तर फोनवर तानपुऱ्याचं ॲप लावावं आणि मधल्या सप्तकातल्या पांढरी दोनला, म्हणजे साधारण 294 हर्ट्झला सा धरावा. पंचम, म्हणजे प, मग 440 च्या आसपास येतो, आणि तिथवर पहिली-दुसरीतली बहुतेक मुलं न ओरडता पोचतात.