उपवासाचा बटाटा किती जुना?

‘बटाटा उपवासाला चालतो, म्हणजे तो ऋषीमुनींच्या काळापासून आपल्याकडे आहे’ असा मजकूर श्रावण आला की हमखास फिरतो. तर्क पटण्याजोगा आहे, पण बटाटा इथला नाही.

त्याचं मूळ घर दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात, आजच्या पेरू-बोलिव्हियाच्या भागात. तिथले लोक हजारो वर्षं तो पिकवतात. रात्रीच्या थंडीत गोठवून, दिवसा पायांनी तुडवून, उन्हात सुकवलेला बटाटा तिथे वर्षानुवर्षं टिकतो. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोक तिथे पोचले; १५६७ मध्ये अटलांटिक महासागरातल्या कॅनरी बेटांवरून बटाट्याची पिंपं आजच्या बेल्जियममधल्या अँटवर्प बंदरात गेल्याची नोंद आहे. भारतात तो त्यानंतर युरोपीय जहाजांतून आला आणि सर्वदूर पसरला तो इंग्रजी अमदानीत.

पडताळायचं तर रानटी जाती कुठे उगवतात ते पाहा. बटाट्याचे रानटी भाऊबंद अमेरिकेतच सापडतात. चालुक्य राजा सोमेश्वराच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथातही पदार्थांची रेलचेल आहे, बटाटा मात्र नाही.

मग उपवासाला कसा चालला? वर्ज्य होती ती मुख्यतः धान्यं-कडधान्यं. हा पडला कंद. आणि खिचडीतला साबुदाणा ज्या कसावा नावाच्या कंदाचा होतो तो, शेंगदाणे, हिरवी मिरची, सगळे तिकडचेच!