‘फँटम अवरग्लास’ नेताय? सुरुवातीला काय अडतं, का अडतं

निन्टेन्डो डीएस या दोन पडद्यांच्या, हातात धरून खेळायच्या यंत्रावर (कन्सोलवर) २००७ साली आलेला झेल्डा मालिकेतला हा गेम ‘चालत नाही’ म्हणून आमच्या दुकानात अनेकदा परत येतो. तपासल्यावर कार्ट्रिज (गेमची चिप) बहुधा ठणठणीत निघतं. काही वेळा दोष कन्सोलच्या पडद्यात किंवा माइकमध्ये असतो, आणि बाकी वेळा गेमच तसा बनवलेला असतो. कुठलं काय हे ओळखता यावं म्हणून हे पत्रक डबीत घालत आहोत.

स्टायलस आणि पडदा

लिंकला, म्हणजे गेमच्या नायकाला, चालवायला बाणांची बटणं उपयोगाची नाहीत, सगळं स्टायलसने (पडद्यावर टेकवायच्या काडीने). त्याच्या जवळ टेकवलं तर तो चालतो, लांब टेकवलं तर धावतो. त्यामुळे कड्याच्या काठावर हात जरा लांब गेला की गडी खाली. शत्रूवर नुसतं टेकवलं तर उडी मारून वार, लिंक आणि शत्रूच्या मध्ये रेघ ओढली तर साधा वार, लिंकभोवती गोल काढला तर गिरकी. गिरक्या लागोपाठ घेतल्या तर त्याला भोवळ येते आणि तेवढा वेळ तो मार खात उभा राहतो. कोलांटी मारायला पडद्याच्या कडेला पटापट बारीक वर्तुळं काढावी लागतात. ती बहुतेकांना धड जमत नाही आणि यात खेळणाऱ्याची चूक नाही, असं आमचं मत. २००९ च्या ‘स्पिरिट ट्रॅक्स’मध्ये कंपनीनेच ती पद्धत बदलून दोनदा टिचकी अशी केली. सुरुवातीला कोलांटीवाचून काही अडत नाही, सोडून द्या.

हत्यार वापरायला दर वेळी कोपऱ्यातलं चिन्ह दाबत बसू नका. एल किंवा आर बटण दाबून धरा, स्टायलसने नेम धरा, बटण सोडा. निम्मा वैताग इथेच संपतो.

स्टायलस न टेकवताही लिंक एकाच कोपऱ्याकडे पळत असेल तर मात्र तो बिघाड समजा. डीएसचा पडदा मोबाइलसारखा नाही, तो दाबावर चालतो. चौकटीच्या फटीत कचरा अडकला किंवा वरचं संरक्षक प्लास्टिक कडेला फुगलं, की तिथे कायम दाब पडतो. प्लास्टिक काढा, जाड कागदाची कड फटीतून अलगद फिरवा. मग सेटिंग्जमध्ये टचस्क्रीनचं कॅलिब्रेशन (स्पर्शाची जागा जुळवणं) करा. दिसणाऱ्या खुणांच्या नेमक्या मध्यावर टेकवा, अंदाजे नको.

फुंकर, आरोळी आणि झाकण

मशाली विझवायला माइकवर फुंकर मारावी लागते, काही ठिकाणी चक्क ओरडावं लागतं. डीएस लाइट या मॉडेलचा माइक बिजागरीच्या मधोमध आहे. लोकलमध्ये ओरडायची लाज वाटत असेल तर माइकच्या भोकाजवळ नखाने हलकेच घासा, बहुतेक ठिकाणी काम होतं. तरीही ढिम्म असेल तर माइक तपासून घ्यायला हवा.

एका टप्प्यावर वरच्या पडद्यावरची खूण खालच्या सागरी नकाशावर ‘दाबून उमटवा’ असं सांगितलं जातं. इथे लोक तासन् तास पडदा घासत बसतात. करायचं एवढंच: कन्सोलचं झाकण मिटा आणि उघडा. टू-डीएस या नंतरच्या कन्सोलला मिटणारं झाकण नाही, त्यात स्लीपची कळ सरकवा. डीएस लाइटची बिजागरी तडकलेली असेल तर झाकण पूर्ण बसत नाही, झाकण मिटल्याचं सेन्सरला कळत नाही आणि गाडी इथेच अडते.

समुद्रराजाचं मंदिर

खरी कटकट ही. एकाच मंदिरात पुन्हा पुन्हा यावं लागतं आणि दर वेळी थोडं अधिक खोल उतरावं लागतं. आतल्या हवेनेच लिंकचं आयुष्य झिजतं. वाळूचं घड्याळ हाती आलं की वाळू असेपर्यंत तो सुरक्षित राहतो. सुरुवातीला वाळू १० मिनिटांची मिळते, पुढे वाढत जाते. वाळू संपली म्हणून लगेच मरण नाही, पण मग बदाम (आयुष्य दाखवणाऱ्या खुणा) एकेक गळू लागतात.

जांभळ्या जमिनीवर उभे असाल तर वाळू थांबते आणि पहारेकरी फँटमला तुम्ही दिसत नाही. विचार करायचा तो तिथेच उभं राहून. फँटमचा एक वार म्हणजे ३० सेकंद वजा आणि मजल्याच्या सुरुवातीला परत. सुरुवातीला त्यांना मारता येत नाही, तेव्हा भांडू नका. वरच्या नकाशात ते कुठे आहेत आणि कुठवर बघताहेत ते दिसतं. पिवळे माठ फोडले तर जादा वेळ मिळतो, लाल माठ फोडला तर तिथे तात्पुरती सुरक्षित जागा तयार होते. लाल माठ उचलून सोयीच्या जागी नेता येतो, उगाच फोडू नका.

नकाशा खाली ओढून त्यावर लिहिता येतं, आणि लिहाच. कळींचा क्रम, किल्ली कुठे, वाळूचे माठ कुठे, सगळं टिपून ठेवलंत तर पुढच्या खेपेला तो मजला निम्म्या वेळात होतो. नवीन हत्यार मिळालं की जुन्या मजल्यांवर जवळच्या वाटा उघडतात. बॉम्ब मिळाल्यावर तडे गेलेल्या भिंती आधी बघा.

मंदिराच्या मध्यावर पोहोचलात की पुढच्या वेळी थेट तिथे नेणारी वाट मिळते. तिथवर पोहोचताना जेवढी वाळू उरली होती तेवढीच घेऊन पुढे जाता येतं. कसंबसं, सगळी वाळू उधळून पोहोचला असाल तर वरचे मजले एकदा नीट, झटपट पार करून ती नोंद सुधारा. खालच्या मजल्यांवर अडकलेल्यांना आम्ही आधी हेच विचारतो: मध्यावर वाळू किती होती?

कार्ट्रिजबद्दल

डीएसच्या कुठल्याही देशातल्या कन्सोलवर हे कार्ट्रिज चालतं, थ्री-डीएस आणि टू-डीएसवरही. जपानी प्रत मात्र जपानी भाषेतच आहे. खेळ जतन व्हायला आत बॅटरी लागत नाही, म्हणून जुन्या गेम बॉयसारखी सेव्ह उडण्याची भीती नाही. कार्ट्रिज ओळखलं जात नसेल तर तोंडाने फुंकू नका, ओलाव्याने संपर्कपट्ट्या खराब होतात. कानकोरण्याच्या कापसावर थोडं आयसोप्रोपाइल अल्कोहोल घेऊन पट्ट्या पुसा, पूर्ण वाळू द्या, मग घाला. तरीही अडलं तर दुकानात येताना नुसतं कार्ट्रिज आणू नका, ज्यावर खेळता तो कन्सोलही आणा.