मनोरुग्णालयीन शुश्रूषा, ठाणे

मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला दाखल करून घेण्यापासून ती घरी स्थिरावेपर्यंतची देखरेख, औषधोपचार आणि पुनर्वसन यांची पद्धती. प्रस्तुत नोंद ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय आणि त्याच्या आसपासच्या सेवांपुरती आहे. महाराष्ट्रातील जुन्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी (येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी) ठाण्याचे रुग्णालय १,८५० मंजूर खाटांसह येरवड्याच्या खालोखाल येते. मुंबई परिसराच्या बोलीत ‘याला ठाण्याला पाठवा’ एवढे म्हटले की पुढचे सांगावे लागत नाही. एका शहराचे नाव आजाराचा पर्याय होऊन बसल्याचे हे उदाहरण.

स्थापना व नाव : स्थापनेचे वर्ष सामान्यतः १९०१ दिले जाते. जुन्या वैद्यकीय लेखनात संस्थेचा उल्लेख ‘एन. एम. मेंटल हॉस्पिटल, ठाणा’ असा येतो. ही आद्याक्षरे देणगीदार नरोत्तमदास माधवदास यांची. त्याआधी मुंबईच्या रुग्णांसाठी कुलाब्याचे वेड्यांचे इस्पितळ होते. १८२० च्या दशकातील ही इमारत शतकाअखेरीस अपुरी पडली, आणि नौपाड्याची जागा मुख्यतः तो भार हलका करण्यासाठी निवडली गेली असे मानणे सयुक्तिक वाटते. ठाण्याची मोकळी हवा हे निवडीचे कारण म्हणून सांगितले जाते. मात्र त्या काळातील बहुतेक शहराबाहेरील इस्पितळांविषयी हेच सांगतात, त्यामुळे त्याला दुय्यम महत्त्व द्यावे. कुलाब्याचे इस्पितळ पुढे बंद झाले व त्याचा वारसा प्रामुख्याने येरवड्याकडे गेला. देशातील अशा इस्पितळांचा कारभार १९०५ पासून तुरुंग खात्याकडून शल्यचिकित्सकांकडे आला. वेड्यांविषयीच्या १९१२ च्या कायद्यातही ‘वेडा’ हीच कायदेशीर संज्ञा होती. ‘असायलम’ जाऊन ‘मेंटल हॉस्पिटल’ हे नाव केव्हा आले याबाबत १९२० आणि १९२२ अशी दोन वर्षे आढळतात; या बदलाचे श्रेय रांचीच्या मनोरुग्णालयाचे अधीक्षक ओवेन बर्कले-हिल यांच्या आग्रहाला देतात. यांपैकी १९२० अधिक ग्राह्य दिसते. १९२२ हे बहुधा प्रत्यक्ष पाट्या बदलल्याचे वर्ष असावे. मराठी कागदपत्रांत ‘मनोरुग्णालय’ त्याहून पुष्कळ उशिरा रुळले.

दाखल करणे : सध्याची पद्धती मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे चालते. तो २९ मे २०१८ रोजी अमलात आला. काही ठिकाणी ७ जुलै २०१८ ही तारीख छापलेली दिसते, पण अधिसूचनेची तारीख पहिली आहे. १९८७ च्या कायद्यात (अंमल १९९३ पासून) दंडाधिकाऱ्याचा आदेश दाखल करण्याच्या केंद्रस्थानी होता. आता रुग्ण स्वतः सही करून दाखल होऊ शकतो (कलम ८६) व मागेल तेव्हा जाऊ शकतो. फार तर २४ तास थांबवून त्याची तपासणी करता येते. निर्णय घेण्यासाठी मोठा आधार लागत असेल आणि स्वतःला वा दुसऱ्याला इजा होण्याचा, किंवा स्वतःची काळजी न घेता आल्याने जीव धोक्यात येण्याचा संभव असेल, तर नामनिर्देशित प्रतिनिधीच्या (रुग्णाच्या वतीने बोलण्यासाठी नेमलेल्या व्यक्तीच्या) अर्जावर दाखल करण्यासाठी कलम ८९ लागते. त्यासाठी दोन तज्ज्ञांनी रुग्णाला स्वतंत्रपणे तपासावे लागते. त्यांपैकी एक मनोविकारतज्ज्ञच हवा, आणि दोन्ही तपासण्या दाखल होण्याच्या दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत झालेल्या हव्यात. मुदत ३० दिवस. स्त्रिया व अल्पवयीन यांच्याबाबत ३ दिवसांत, इतरांबाबत ७ दिवसांत पुनर्विलोकन मंडळाला कळवावे लागते. त्यापुढे कलम ९० नुसार ९०, १२० व १८० दिवसांचे टप्पे आहेत. व्यवहारात चूक होते ती तारखांत. दोन्ही तज्ज्ञांनी एकाच केसपेपरवर एकापाठोपाठ तोच मजकूर लिहिला तर ‘स्वतंत्र’ तपासणीचा अर्थच उरत नाही, आणि तिसावा दिवस रविवारी आला म्हणून मुदत वाढत नाही.

रस्त्यावर वा फलाटावर भरकटलेली व्यक्ती आढळल्यास पोलिसांनी तिला २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यावयाचे असते. कोठडीत ठेवता येत नाही. मध्य रेल्वेचा मोठा जंक्शनपट्टा जवळ असल्याने ठाण्यात अनोळखी रुग्णांचा प्रश्न जुना आहे. समाजसेवा अधीक्षक अशा रुग्णाचे उच्चार, नात्यांचे शब्द, जेवणाची मागणी, गोंदण यांवरून मुलूख ताडतात. आडनाव विचारण्यापेक्षा ‘तुमच्याकडे बाजार कुठल्या वारी भरतो?’ असे विचारणे अधिक उपयोगी ठरते.

पहिले तीन दिवस : दाखल होताना मनोविकाराचे निदान करण्याआधी शरीर तपासावे हा नियम सर्वांना पाठ असतो, पाळला मात्र कमी जातो. ताप, नाडी, रक्तदाब, रक्तशर्करा, सोडियम, डोक्याला मार, दारूचा शेवटचा घोट केव्हा घेतला, एवढे पहिल्या तासात कळायला हवे. अचानक सुरू झालेला, दिवसातून चढउतार होणारा गोंधळ हा दुसरे काही सिद्ध होईपर्यंत शारीरिक कारणाचाच मानावा. दारू सुटल्यानंतरचा उग्र भ्रम साधारण ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान येतो, म्हणजे रुग्ण ‘शांत’ म्हणून मागच्या वॉर्डात हलवला गेल्यावर. थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) आधी, ग्लुकोजची बाटली नंतर, हा क्रम चुकला तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

अतिक्षोभ आवरताना हॅलोपेरिडॉल (मनोविकारावरील औषध) ५ मिग्रॅ व प्रोमेथाझिन २५ ते ५० मिग्रॅ स्नायूत देण्याची पद्धत भारतात रूढ आहे. वेल्लोरच्या अभ्यासाने तिला चांगला आधार दिला. प्रोमेथाझिन केवळ झोपेसाठी नसते. ते मान वा डोळे एका बाजूस ओढले जाण्याचा त्रासही टाळते, म्हणून ते वगळून एकटे हॅलोपेरिडॉल देणे हा चुकीचा काटकसरीपणा होय. इंजेक्शननंतर पहिला तासभर दर १५ मिनिटांनी श्वास, नाडी व रक्तदाब नोंदवावा.

क्लोझापिन व विडी : दोन औषधांना दाद न देणाऱ्या स्किझोफ्रेनियात क्लोझापिन हे सर्वांत परिणामकारक औषध. त्याच्यावरची देखरेख हीच वॉर्डाच्या शिस्तीची खरी कसोटी असते. पहिल्या दिवशी १२.५ मिग्रॅ, मग दररोज २५ मिग्रॅच्या आसपास वाढवत दोन-तीन आठवड्यांत ३०० मिग्रॅपर्यंत. भारतीय रुग्णांत पुष्कळदा याहून कमी मात्रा पुरते. पांढऱ्या पेशींची तपासणी पहिले १८ आठवडे दर आठवड्याला करतात. न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) दर घन मिलिमीटरला १,५०० च्या खाली गेल्यास औषध थांबवण्याचा दंडक सर्वांत सावध म्हणून येथे ग्राह्य धरला आहे. अमेरिकी मर्यादा यापेक्षा सैल आहे. सलग ४८ तासांहून अधिक मात्रा चुकल्यास पुन्हा १२.५ पासून सुरुवात करावी लागते. घरी रजेवर जाऊन आलेल्या रुग्णाला ‘चालू मात्रा’ तशीच देणे धोक्याचे असते, रक्तदाब एकदम कोसळू शकतो.

विडी-सिगारेटच्या धुरातील हायड्रोकार्बने यकृतातील एका विकराचा वेग वाढवतात व क्लोझापिन लवकर निकाली निघते. दिवसाला बंडलभर विडी ओढणारा रुग्ण वॉर्डात आला आणि विडी बंद झाली की तीच मात्रा आठवड्याभरात रक्तात दीडपटीपर्यंत चढू शकते. मग दिवसभर गुंगी, लाळ, हातापायांना झटके, प्रसंगी फेफरे. हे आजार वाढल्याचे लक्षण समजून आणखी औषध दिले जाते आणि प्रकरण चिघळते. धूम्रपान थांबताच पहिल्या आठवड्यात मात्रा सुमारे पाव भागाने कमी करणे हा सर्वसाधारण उपाय. उलट घडते ते घरी गेल्यावर. वागळे इस्टेटच्या टपरीवर विडी पुन्हा सुरू झाली की महिन्याभरात आवाज ऐकू येऊ लागतात, आणि नातेवाईक म्हणतात, ‘गोळ्या वेळेवर देतोय तरी कसं?’ हा परिणाम धुराचा आहे, निकोटिनचा नव्हे. तंबाखू-चुना, मिसरी वा गुटखा यांनी तो होत नाही. केसपेपरवर नुसते ‘तंबाखूचे व्यसन’ लिहिण्याऐवजी ‘विडी, रोज अमुक’ असे लिहिले तर पुढच्या डॉक्टरला उपयोग होतो. ओलँझापिन या त्याच वर्गातील औषधालाही हीच गोष्ट कमी प्रमाणात लागू आहे. तापातही क्लोझापिनची पातळी चढते.

रक्तपेशींची भीती सर्वांना असते. क्लोझापिनमुळे होणारी बद्धकोष्ठता मात्र दुर्लक्षित राहते, आणि तिने आतडी बंद पडून मृत्यू होतात. अशा रुग्णाची शौचाची नोंद रोज ठेवावी. दोन दिवस साफ झाले नाही तर तिसऱ्याची वाट न पाहता रेचक द्यावे. ट्रायहेक्सिफेनिडिल (इतर औषधांनी येणारा ताठरपणा व थरथर कमी करणारी गोळी) जोडीला असल्यास त्रास दुप्पट होतो, आणि ती गोळी रुग्ण आवडीने मागतात म्हणून चालू राहते. कक्षसेवकाला शौचाची गोष्ट ठाऊक असते, डॉक्टरला नसते. दोघांच्या मध्ये वही लागते ती यासाठी.

लिथियम : उन्माद-अवसादाच्या आजारात देखभालीसाठी रक्तातील पातळी ०.६ ते १.० मिलिमोल प्रति लिटर ठेवतात, १.५ च्या पुढे विषबाधेची लक्षणे अपेक्षित धरावीत. रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी घ्यावे. सकाळची गोळी घेऊन दहा वाजता ओपीडीत आलेल्याचा अहवाल निरुपयोगी असतो. लिथियम हेपॅरिन (रक्त गोठू न देणारे द्रव्य) असलेल्या हिरव्या झाकणाच्या नळीत रक्त घेतले तर नळीतलेच लिथियम मोजले जाते व निष्कारण धावपळ होते. जुलाब, उलट्या, मे महिन्यातला घाम, निर्जळी उपास वा रोजे, रक्तदाबासाठी मीठ एकदम तोडणे आणि सांधेदुखीची डायक्लोफेनॅक वा आयब्युप्रोफेन यांनी पातळी चढते. हातांची बारीक थरथर चालते. ती जाडसर झाली, बोलणे जड झाले, चाल डगमगू लागली तर गोळी थांबवून त्याच दिवशी तपासणी करावी. मूत्रपिंड व थायरॉइड यांची तपासणी दर सहा महिन्यांनी.

विद्युत् उपचार : रोममध्ये चेर्लेती व बिनी यांनी १९३८ साली सुरू केलेली ही पद्धती चित्रपटांनी बदनाम केली, तरी तीव्र अवसाद, अन्न सोडलेला रुग्ण व ताठरून बसलेला (कॅटाटोनिया) रुग्ण यांत तिच्या तोडीचा जलद उपाय नाही. भूल व स्नायुशिथिलक यांशिवाय ती देण्यास २०१७ च्या कायद्याने मनाई केली आहे. अल्पवयीनांना ती पालकाची संमती व मंडळाची परवानगी असल्याशिवाय देता येत नाही. घन अन्न सहा तास बंद, दातांत पट्टी, प्राणवायू, थायोपेंटोन ३ ते ५ मिग्रॅ व सक्सिनिलकोलिन ०.५ ते १ मिग्रॅ प्रति किलो हा ढोबळ साचा. स्नायू शिथिल असल्याने आकडी दिसत नाही, म्हणून शिथिलक देण्यापूर्वी एका हाताला किंवा पायाला रक्तदाबाचा पट्टा आवळून तेवढा भाग मोकळा ठेवतात व तिथल्या हालचालीवरून सेकंद मोजतात. आकडी नीट येत नसेल तर आधी रात्रीची लोराझेपाम (झोपेची गोळी) पाहावी. बहुधा तीच आडवी येते. आठवड्यातून दोन-तीन वेळा, एकूण ६ ते १२.

बंधन व एकांत : एकट्याला कोंडून ठेवण्यास कायद्याने पूर्ण बंदी आहे. हातपाय बांधणे केवळ तत्काळ इजा टाळण्याचा दुसरा मार्ग नसताना, मनोविकारतज्ज्ञाच्या लेखी परवानगीने व आवश्यक तेवढाच वेळ चालते. मनुष्यबळ कमी हे कारण कायद्याने स्पष्ट नाकारले आहे. प्रत्येक वेळी २४ तासांत प्रतिनिधीला कळवायचे असते आणि मंडळाला मासिक अहवाल जातो. साखळीला मनाई आहेच. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ च्या आगीत साखळ्यांत बांधलेले २८ जण मरण पावले, त्यानंतर देशभर या प्रश्नाकडे लक्ष गेले.

घरी सोडणे : औषध गालात धरून नंतर थुंकणे ही वॉर्डातली जुनी युक्ती. घरी ती अधिक सोपी असते, म्हणून अशा रुग्णाला दीर्घकाल टिकणारे इंजेक्शन सुचवतात. फ्लुफेनाझिन डेकॅनोएट २५ मिग्रॅ दर दोन ते चार आठवड्यांनी, किंवा हॅलोपेरिडॉल डेकॅनोएट ५० ते १०० मिग्रॅ दर चार आठवड्यांनी देतात. दोन्ही तीळतेलात असतात. नितंबाच्या स्नायूत त्वचा बाजूला ओढून खोल द्यावे व जागा चोळू नये. चोळल्यास तेल वर येते व गाठ होते. पुढची तारीख कार्डावर नातेवाइकाच्या देखत लिहावी.

बऱ्या झालेल्यांना न्यायला कोणी न येणे हा जुना व अद्याप न सुटलेला प्रश्न. बरे झालेल्यांना महाराष्ट्रात भिक्षेकरीगृहांत हलवण्याची प्रथा थांबवण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितले. कर्जतजवळ डॉ. भरत वाटवानी (मॅगसेसे पुरस्कार, २०१८) यांचे श्रद्धा पुनर्वसन केंद्र रस्त्यावरील रुग्णांना उपचारानंतर गावी पोचवण्याचे काम करते.

इतर सेवा : सर्वसाधारण रुग्णालयात मनोविकार विभाग ठेवण्याची कल्पना भारतात १९३३ साली कोलकात्यात गिरींद्रशेखर बोस यांनी आणली, मुंबईत जे. जे. रुग्णालयात तो १९३८ पासून आहे. ठाण्यात कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात असा विभाग आहे. नवी मुंबईत महापालिकेची रुग्णालये आणि नेरूळ, कामोठे येथील वैद्यकीय महाविद्यालये ही गरज भागवतात. ठाण्यात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी स्थापन केलेल्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थने समुपदेशन व मनआरोग्याचे लोकशिक्षण मराठीत रुजवले. ‘टेलिमानस’ ही राष्ट्रीय दूरध्वनी सेवा (१४४१६) ऑक्टोबर २०२२ पासून आहे. ती मराठीतही बोलते.

मनोरुग्णालयाच्या आवाराचा एक भाग ठाणे व मुलुंड यांच्या दरम्यानच्या नव्या रेल्वे स्थानकासाठी ठरवला गेला आहे. सध्या ओपीडीच्या दिवशी कसारा-कर्जतकडून येणारे नातेवाईक ठाणे स्थानकावर उतरून रिक्षाने जातात.