लोह-मायफळ शाईची हस्तलिखिते : उपचारातील जोखीम

लोह-मायफळ शाईने लिहिलेला जुना कागद वाचवण्यासाठी त्यावर उपचार करावा की तो आहे तसा ठेवावा, आणि करायचा तर कोणता, हा कागद-संवर्धनातला एक अवघड निर्णय आहे. मध्ययुगापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत युरोपातले बहुतेक लेखन याच शाईत झाले. मायफळातले (ओकच्या झाडावर किडीमुळे येणाऱ्या गाठीतले) टॅनिन हे तुरट द्रव्य, हिराकस म्हणजे लोहाचे सल्फेट, डिंक आणि पाणी एवढ्या साहित्यात ती तयार होते. लिहिताना फिकी असते, हवा लागली की काळी पडते आणि तंतूंत इतकी मुरते की खरवडल्याशिवाय निघत नाही. दस्तऐवजांसाठी ती पसंत पडली ती याच गुणामुळे.

कागदाची हानी दोन प्रकारे होते. शाई तयार होताना गंधकाम्ल सुटते व ते सेल्युलोजच्या, म्हणजे कागदाचे तंतू ज्याचे बनतात त्या द्रव्याच्या, साखळ्या तोडते. शिवाय हिराकस जास्त पडला असेल तर टॅनिनशी न जुळलेले लोह-आयन (लोहाचे विद्युतभारित कण) मोकळे राहतात आणि सेल्युलोजच्या ऑक्सिडीकरणाला वेग देतात. आधी अक्षरांभोवती तपकिरी छटा येते, मग शाई मागच्या बाजूला उमटते, तडे जातात, आणि शेवटी अक्षराच्या आकाराचा तुकडाच गळून पडतो. एकाच वहीतले एक पान धडधाकट आणि पुढचे चाळणी झालेले, असेही दिसते; शाईचे प्रमाण, तिचा थर आणि कागदाची जात यांवर सगळे अवलंबून असते. त्यामुळे संग्रहासाठी सरसकट नियम करता येत नाही.

सर्वांत परिणामकारक उपचार पाण्यातला आहे, आणि खरी अडचण तिथेच आहे. नेदरलँड्समधील संशोधक योहान नेव्हेल यांनी १९९५ मध्ये फायटेटचा उपयोग सुचवला. धान्याच्या व बियांच्या टरफलात सापडणारे हे द्रव्य मोकळे लोह पकडून ठेवते. पान आधी कॅल्शियम फायटेटच्या आणि नंतर कॅल्शियम बायकार्बोनेटच्या द्रावणात बुडवतात. पहिले लोहाचा बंदोबस्त करते, दुसरे आम्ल मारते व थोडा क्षार कागदात शिल्लक ठेवते. नुसते निराम्लीकरण केले तर लोहाचा प्रश्न तसाच राहतो.

पण पाणी निरुपद्रवी नाही. शाईने जळलेला भाग पाणी सहजी शोषत नाही, भोवतालचा कोरा कागद मात्र फुगतो. त्या ताणाने कमकुवत रेषा तिथल्या तिथे चिरते. मूळ कागदाची जिलेटिनची खळ धुऊन जाते, शाईचा रंग तपकिरीकडे झुकू शकतो, फायटेटचा पांढरट थर पृष्ठभागावर बसू शकतो. अल्कोहोल मिसळून पाणी सगळीकडे सारखे मुरवता येते, पण जोखीम पूर्ण जात नाही. सर्वांत फसवी बाब म्हणजे ओलाव्याबरोबर रंगहीन लोह-आयन कोऱ्या भागात सरकतात; डोळ्यांना काहीच दिसत नाही. यासाठी बाथोफेनॅन्थ्रोलिन हे लोह ओळखणारे रसायन लावलेली चाचणी-पट्टी वापरतात. किंचित ओली करून अक्षरावर टेकवली आणि ती गुलाबी झाली, तर मोकळे लोह आहे असे समजायचे.

पट्टी गुलाबी झाली म्हणजे लगेच पान बुडवायचे, असे मात्र नाही. उपचारांची परीक्षा मुख्यतः कृत्रिमरीत्या जुन्या केलेल्या नमुन्यांवर झालेली आहे, आणि तीनशे वर्षांचा खरा कागद त्या नमुन्यासारखाच वागेल याची खात्री कोणी देत नाही. त्यात ग्रंथ बांधलेला असेल तर पाने बुडवण्यासाठी शिवण उसवावी लागते, म्हणजे बांधणीचा पुरावा जातो. म्हणून तडे गेलेल्या ठिकाणी फक्त आधार देणे पुष्कळदा शहाणपणाचे ठरते. पातळ जपानी कागदावर जिलेटिन आधीच लावून वाळवतात आणि अगदी कमी ओलाव्याने चिकटवतात. एरवीच्या ओल्या खळीने चिकटवले की तिच्यातल्या पाण्याबरोबर लोह दुरुस्तीच्या कडेपर्यंत पोचते.

काहीच न करणे हाही निर्णयच आहे, आणि त्याची किंमत साठवणुकीवर ठरते. सापेक्ष आर्द्रता सुमारे ८० टक्क्यांवर गेली की लोह-आयन हलू लागतात. कोरड्या, थंड, स्थिर खोलीत तेच पान फार काळ टिकते. आधी छायांकन करून मूळ पानाची हाताळणी कमी केली, तर वाट पाहणे परवडते.

अगोदरच्या पिढ्यांचे अनुभवही धडा देणारे आहेत. १८९८ मध्ये व्हॅटिकन ग्रंथालयाचे प्रमुख फ्रान्झ एर्ले यांच्या पुढाकाराने स्वित्झर्लंडमधील सेंट गालेन येथे या प्रश्नावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. त्या काळात सेल्युलोज नायट्रेटचे व्हार्निशही आशेने वापरले गेले. पुढे ते स्वतःच विघटित होणारे द्रव्य निघाले. भारतात विसाव्या शतकात रेशमी शिफॉन आणि सेल्युलोज ॲसिटेट या पारदर्शक प्लास्टिकचे आवरण रूढ झाले. ॲसिटेट काढणे आता जिकिरीचे असते, आणि काढताना शाईला द्रावकाचा त्रास होतो तो वेगळाच. उपचार निवडताना तो पुढे उलटवता येईल का, हा प्रश्न या अनुभवांतून आला.

आपल्याकडे हा प्रश्न सर्वांत ठळक दिसतो गोव्यात. पणजीच्या पुराभिलेखागाराची परंपरा १५९५ पर्यंत जाते, आणि तिथल्या पोर्तुगीज कागदांना लोह-मायफळ शाई व कोकणचा पावसाळा ही दोन्ही संकटे एकदमच भोगावी लागली. पेशवे दफ्तरातील मोडी कागदांची गोष्ट वेगळी: बोरूने काजळीच्या शाईत लिहिलेला कागद शाईने सहसा जळत नाही, पण डिंकाने धरलेली काजळी पाण्यात सुटू शकते. म्हणजे एकीकडे तारक ठरणारी पाण्याची अंघोळ दुसरीकडे अक्षरेच पुसू शकते. दोन्ही शाया एकत्र केलेले मिश्रणही क्वचित आढळते. म्हणून आधी अवरक्त प्रकाशात पान पाहतात: काजळी काळीच राहते, लोह-मायफळ शाई फिकी पडत जवळपास दिसेनाशी होते.